सोने धुण्याचा परवाना आणि परवानाधारकाच्या जबाबदाऱ्या

विचारणा करणारे गृहस्थ नाशिकला गंगापूर रोडला राहतात आणि लवकरच मुलीकडे मेलबर्नला जाणार आहेत. त्यांच्या जावयाने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याचा ‘मायनर्स राइट’ हा परवाना काढला असून, नातवाला सोबत घेऊन बॅलारटच्या आसपासच्या ओढ्यांत वाळू धुवायची आणि सोन्याचे कण शोधायचे असा सर्वांचा बेत आहे. जावयाचा परवाना सगळ्या कुटुंबाला पुरेल का, परवाना घेतल्यावर माणसावर नेमक्या कोणत्या जबाबदाऱ्या येतात, आणि परत आल्यावर तीच परात घेऊन गोदावरीत किंवा दारणेत प्रयत्न करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

नदीच्या गाळाचे नमुने धुऊन त्यातील जड खनिजे तपासणे हा माझ्या कामाचा मोठा भाग राहिला आहे, आणि त्या निमित्ताने व्हिक्टोरियातील ओढ्यांतही मी पॅन, म्हणजे वाळू धुण्याची पसरट परात, फिरवले आहे. त्यामुळे आधी थोडक्यात उत्तर देतो. परवाना ज्याच्या नावावर असेल त्याच्यापुरताच असतो, त्यामुळे आपणही स्वतःच्या नावाने तो काढावा. जबाबदाऱ्यांपैकी सर्वांत मोठी ही की, आपण जी जमीन उकरली ती आपण येण्यापूर्वी होती तशी करून निघायचे. आणि गोदावरीत किंवा दारणेत हा प्रयोग करता येणार नाही. आता यातील प्रत्येक गोष्ट कारणांसह सांगतो, कारण कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही.

मायनर्स राइट हा आजचा साधा, ऑनलाइन मिळणारा आणि दहा वर्षे चालणारा परवाना असला तरी त्याच्यामागे रक्तरंजित इतिहास आहे, आणि बॅलारटला जाणाऱ्याने तो जाणून घेतला पाहिजे. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात सोने सापडले तेव्हा सरकारने खोदणाऱ्या प्रत्येकावर दरमहा ३० शिलिंग शुल्क बसवले. सोने सापडो वा न सापडो, ते भरावेच लागे, आणि पोलीस कधीही येऊन परवाना दाखवण्याची मागणी करीत व नसल्यास माणसाला धरून नेत. याविरुद्धचा असंतोष वाढत जाऊन ३ डिसेंबर १८५४ रोजी बॅलारटच्या युरेका येथे खोदकाम करणाऱ्यांनी उभारलेल्या तटबंदीवर सैन्य आणि पोलीस चालून गेले व त्यात अनेक खोदकामगार मारले गेले. पुढच्याच वर्षी, १८५५ मध्ये, मासिक शुल्क रद्द होऊन वर्षाला १ पौंड भरून मिळणारा मायनर्स राइट सुरू झाला. म्हणजे सामान्य माणसाने सरकारी जमिनीवर सोने शोधावे आणि सापडलेले स्वतःकडे ठेवावे हा हक्क तेथील लोकांनी मोठी किंमत देऊन मिळवला आहे. आपण पाहुणे म्हणून तो वापरणार आहोत, हे लक्षात ठेवून वागावे अशी माझी मनापासूनची विनंती आहे.

आजचा परवाना १९९० च्या खनिजसंपत्तीविषयक कायद्याखाली दिला जातो. तो सरकारी जमिनीवर, आणि मालकाची संमती असेल तर खासगी जमिनीवर, हातअवजारांनी खनिजे शोधण्याची मुभा देतो. सापडलेले सोने धारकाच्या मालकीचे होते. मात्र परवाना जवळ बाळगणे आणि अधिकाऱ्याने मागितल्यास दाखवणे बंधनकारक आहे. जावयाच्या परवान्यावर सासऱ्याने खोदायचे आणि कोणी विचारले तर ‘आम्ही एकाच घरातले’ असे सांगायचे, हे चालणार नाही. शुल्क फार नाही आणि अर्ज घरबसल्या होतो, तेव्हा ती पळवाट शोधूही नये. ज्यांना एकच दिवस हौस भागवायची आहे त्यांनी बॅलारटमधील सॉव्हरिन हिल या खुल्या संग्रहालयात जावे. तेथे जुन्या सुवर्णवसाहतीची प्रतिकृती उभारलेली असून आवारातील ओढ्यात पर्यटकांना परवान्याशिवाय पॅन फिरवता येते. नातवाचा पहिला दिवस तेथेच जाऊ द्यावा. हात बसला की मग रानातल्या ओढ्याकडे वळावे.

परवानाधारकाची जबाबदारी ओढ्यावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी, घरी नकाशा उघडून बसल्यापासून सुरू होते. परवाना हातात आहे म्हणून कोणत्याही जमिनीवर उतरता येत नाही. बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत शोध घेण्यास मनाई आहे, काही उद्यानांत आखून दिलेल्या पट्ट्यातच परवानगी आहे, आणि काही नद्या व ओढे पूर्णपणे वगळलेले आहेत. एखाद्या भागावर दुसऱ्या कोणाचा चालू खाणपट्टा असेल तर त्या पट्टाधारकाची संमती घ्यावी लागते. राज्याच्या खनिज विभागाचा ‘जिओव्हिक’ नावाचा नकाशा संकेतस्थळावर पाहता येतो आणि त्यावर जमिनीचा प्रकार, उद्यानांच्या सीमा आणि खाणपट्टे वेगवेगळ्या थरांत दिसतात. जाण्याच्या आदल्या रात्री तो उघडावा, ठिकाणाचा नकाशा फोनमध्ये साठवून घ्यावा, कारण रानात नेटवर्क मिळेलच असे नाही, आणि शंका असेल तर उद्यानाच्या कार्यालयात दूरध्वनी करून विचारावे. खासगी जमिनीसाठी मालकाची संमती लेखी घ्यावी, मग तो जावयाचा मित्र असला तरी. फाटक जसे आढळले तसेच ठेवावे: उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद. गुरे एका कुरणातून दुसऱ्यात गेल्यामुळे शेतकऱ्याने पुढच्या सर्वांना कायमची बंदी घातल्याची उदाहरणे त्या भागात ऐकायला मिळतात.

अवजारांच्या बाबतीत मर्यादा स्पष्ट आहे. हातकुदळ, लहान फावडे, चाळणी, पॅन, साधी स्लुइस म्हणजे तळाला आडव्या पट्ट्या असलेली उघडी पन्हळ, आणि धातुशोधक यंत्र एवढ्यावर काम भागवायचे. खोदकामासाठी यंत्र नाही, स्फोटके नाहीत, आणि पाण्याच्या जोराने तळाचा गाळ ओढून घेणारी यंत्रेही या परवान्यावर चालत नाहीत. झाड किंवा झुडूप तोडायचे नाही, त्याला इजाही करायची नाही.

आता खरा विषय. सोने जेथे साठते नेमका तोच ओढ्याचा सर्वांत नाजूक भाग असतो, आणि म्हणून परवानाधारकाचा संयम तेथेच लागतो. सोन्याची घनता शुद्ध स्वरूपात पाण्याच्या १९.३ पट आहे, गारेची म्हणजे क्वार्ट्झची सुमारे २.६५ आणि आपल्या ओळखीच्या काळ्या वाळूतील मॅग्नेटाइटची सुमारे ५.२. एवढ्या फरकामुळे पूर ओसरताना प्रवाहाचा वेग जेथे मंदावतो तेथे सोने आधी खाली बसते: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडाच्या मागे, खडकाच्या आडव्या भेगांत, झाडांच्या मुळांच्या जाळ्यात आणि गाळाच्या तळाशी असलेल्या घट्ट मातीवर. ही यादी वाचली की कोणाचाही हात काठ पोखरण्याकडे, मुळांखालची माती ओढण्याकडे आणि पाण्यात पडलेले ओंडके बाजूला सारण्याकडे जातो. ते करायचे नाही. काठ मुळांनी धरून ठेवलेला असतो आणि खालून पोखरला की पुढच्या पुरात तो कित्येक मीटर कोसळतो. आपण काढलेली माती दोन बादल्या असेल, पण ओढ्यात येणारी माती गाडीभर असते. प्लॅटिपस हा अंडी घालणारा सस्तन प्राणी याच काठांत बिळे करून पिल्ले वाढवतो, आणि रिव्हर ब्लॅकफिश हा तेथील मासा पाण्यातील पोकळ ओंडक्यांत अंडी घालतो. आपल्याला जो नुसता कुजका ओंडका दिसतो ते त्याचे घर असते. तेव्हा काम प्रवाहाच्या तळातील मोकळ्या वाळू-गोट्यांपुरते, किंवा पाणी आटलेल्या पात्रातील गाळापुरते ठेवावे, आणि काठाला हात लावू नये.

पाणी गढूळ होणे ही दुसरी बाब. जाड वाळू धुतली तर ती दोन-चार हातांवर पुन्हा तळाशी बसते, पण चिकणमातीचे कण तासन्‌तास पाण्यात तरंगत खाली जातात, माशांच्या कल्ल्यांत अडकतात आणि तळातील गोट्यांमधल्या फटी बुजवतात. त्या फटींतच पाण्यातील किडे राहतात आणि त्यांच्यावर मासे जगतात. बॅलारट आणि बेंडिगो परिसरात सोने पुष्कळदा पिवळसर चिकट मातीत असते, त्यामुळे हा प्रश्न तेथे रोजचा आहे. माझी पद्धत अशी की, चिकट गाळ प्रवाहात धुवायचाच नाही. पसरट टब काठापासून दूर, सपाट जागी ठेवायचा, बादलीने पाणी आणायचे, ढेकळे टबात हाताने कुस्करायची, आणि काम झाल्यावर ते पाणी ओढ्यात न ओतता आपण केलेल्या खड्ड्यात ओतायचे. तेथे ते मुरते आणि माती जागच्या जागी राहते. यात वेळ जास्त लागतो हे खरे. पण याचा एक फायदाही आहे, टबात हातून सुटलेला सोन्याचा कण टबातच राहतो आणि पुन्हा धुता येतो, प्रवाहात सुटलेला मात्र गेलाच.

खड्डा बुजवणे हे परवान्याच्या अटींतले काम आहे, वेळ उरला तरच करायचे असे ते नाही. शोधामुळे जमिनीला झालेली प्रत्येक इजा धारकाने दुरुस्त करायची असते. खोदताना वरचा पालापाचोळा एका बाजूला, वरची काळसर माती दुसऱ्या बाजूला आणि खालचा गाळ तिसऱ्या बाजूला ठेवावा, म्हणजे भरताना तोच क्रम उलटा करता येतो: आधी गाळ, मग काळी माती पायाने हलकेच दाबून, आणि शेवटी पालापाचोळा पसरून. ही काळजी न घेता सगळे एकत्र लोटले की खालची निकस माती वर येते आणि तेथे पुढे कित्येक वर्षे गवत उगवत नाही. धातुशोधक यंत्राने काढलेला वीतभर खड्डासुद्धा लगेच, पुढच्या जागी जाण्यापूर्वी बुजवावा, ‘शेवटी एकदम बुजवू’ म्हटले की निम्मे विसरले जातात. कांगारू, मेंढरे आणि रात्री चालणारी माणसे यांचे पाय अशाच विसरलेल्या खड्ड्यांत मोडतात. दुसऱ्याने उघडा टाकलेला खड्डा दिसला तर तोही बुजवावा. ते आपल्यावर बंधनकारक नाही, पण त्या खड्ड्याचा दोष अखेर सर्वच परवानाधारकांच्या नावावर मांडला जातो आणि एकेक जागा बंद होत जाते. हे होताना मी पाहिले आहे आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

पॅनमध्ये सोन्यापेक्षा खिळे, बंदुकीचे शिशाचे छर्रे, बाटल्यांची झाकणे आणि तारेचे तुकडेच अधिक येतात. ते परत टाकू नयेत. एक जाड पिशवी कमरेला बांधून सगळे त्यात भरावे आणि शहरात आणून योग्य कचऱ्यात टाकावे.

मात्र सगळेच जुने सामान कचरा नसते, आणि येथे परवानाधारकाला विवेक ठेवावा लागतो. त्या भागातील मूळ रहिवाशांचे म्हणजे आदिवासी समाजाचे वास्तव्य तेथे हजारो वर्षांचे आहे. दगडी हत्यारांचे तुकडे, चुलींच्या राखेचे थर, साल काढल्याच्या खुणा असलेली जुनी झाडे या सर्वांना कायद्याचे संरक्षण आहे आणि व्हिक्टोरियात २००६ चा स्वतंत्र कायदा त्यासाठी आहे. असे काही दिसले तर खोदणे थांबवावे, वस्तू हलवू नये आणि जागा कळवावी. त्याचप्रमाणे एकोणिसाव्या शतकातील खोदकामाचे अवशेषही, जसे दगडी पाट, माती कालवण्याचे गोल हौद, चिनी खोदकामगारांच्या वस्त्यांची जोती, हे वारसा म्हणून जपलेले आहेत. कासलमेन परिसराला तर राष्ट्रीय वारसा उद्यानाचा दर्जा आहे. रचलेल्या दगडांच्या भिंतीत सोने अडकले असेल असा मोह होतो, कारण पाटाच्या तळाशी ते खरेच अडकते. तरीही एकही दगड काढू नये. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वाढलेल्या आपल्यासारख्या माणसांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही.

आरोग्याच्या दृष्टीने एक गोष्ट मला तपशिलाने सांगायची आहे, कारण हौशी माणसे तिच्याकडे दुर्लक्ष करतात. तेथील गारेच्या शिरांमध्ये सोन्याबरोबर आर्सेनोपायराइट हे आर्सेनिकयुक्त खनिज असते. जुन्या खाणींनी दगड कुटून सोने काढले आणि उरलेला बारीक चुरा ढिगांनी टाकून दिला, त्यामुळे त्या ढिगांत आणि त्यांच्या खालच्या अंगाच्या ओढ्यांत आर्सेनिक साचलेले आहे. म्हणून राखाडी-पिवळ्या बारीक चुऱ्याच्या ढिगावर नातवाला खेळू देऊ नये, कोरडा चुरा उडवू नये, काम करताना खाऊ नये, आणि डबा उघडण्यापूर्वी हात सोबत आणलेल्या स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावेत. ओढ्याचे पाणी हात धुण्याला म्हणूनही धरू नये.

दुसरा धोका पाऱ्याचा. जुने खोदकामगार बारीक सोने पकडण्यासाठी पारा वापरीत, आणि त्यातला पुष्कळसा वाहून ओढ्यांत गेला. आजही पॅनच्या तळाशी कधी कधी चांदीसारखा पांढुरका, मऊ कण मिळतो. तो सोने आणि पारा यांचा मिश्रधातू असतो. तो वेगळ्या काचेच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावा, हाताने चोळू नये, आणि कोणत्याही परिस्थितीत तापवू नये, कारण तापवताच पाऱ्याची वाफ होते आणि ती फुफ्फुसांवाटे शरीरात जाते. समजा आपण असा कण घेऊन नाशिकला आलात आणि सराफ बाजारातील ओळखीच्या कारागिराला ‘जरा वितळवून द्या’ म्हणालात, तर त्याच्या बंद खोलीत ती वाफ तो आणि शेजारचे कारागीर श्वासातून घेतील. त्यामुळे असा कण आणूच नये. तेथील घातक कचरा संकलनाकडे द्यावा. स्वतः पारा वापरण्याचा तर विचारही करू नये. पाऱ्याच्या वापरावर जगभर आळा घालणारा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे आणि भारतही त्यात सहभागी आहे.

बाकी धोक्यांविषयी थोडक्यात. त्या भागात सोडून दिलेल्या खाणींचे उभे कूप पुष्कळ आहेत, काहींचे तोंड पाल्याने झाकलेले असते, म्हणून मुलाचा हात सोडू नये आणि धातुशोधक यंत्राकडे पाहत मागे-मागे सरकू नये. ओढ्याकाठी विषारी टायगर साप असतात. घोट्यावर येणारे बूट घालावेत. उन्हाळ्यात संपूर्ण अग्निबंदीचे दिवस जाहीर होतात आणि त्या दिवशी उघड्यावर चूल पेटवता येत नाही, चहासाठीसुद्धा नाही. निघण्यापूर्वी घरी कोणाला तरी ठिकाण आणि परतीची वेळ सांगावी. तातडीचा क्रमांक ०००.

बूट आणि अवजारे धुण्याविषयी मात्र दोन वाक्ये जास्त लिहितो. फायटोफ्थोरा नावाचा मुळे कुजवणारा रोग तेथील जंगलांत मातीबरोबर पसरतो, आणि ती माती बुटांच्या तळव्यांना व फावड्यांना चिकटून एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाते. निफाड-दिंडोरीकडचा द्राक्षबागायतदार परक्या बागेतून आलेल्या माणसाला आपल्या ओळीत फिरू देण्यापूर्वी जसा विचार करतो, तसाच विचार प्रत्येक ओढा बदलताना करावा: माती ब्रशने काढावी, अवजारे धुवावीत, पूर्ण वाळवावीत. भारतात परतताना वापरलेले बूट आणि परात सामानात आणणार असाल तर तेही आधी असेच स्वच्छ करावे.

आता गोदावरी आणि दारणेचा प्रश्न. याची दोन उत्तरे आहेत, एक खडकाचे आणि एक कायद्याचे, आणि दोन्ही एकाच बाजूला जातात.

ब्रह्मगिरीपासून नांदूर मध्यमेश्वरपर्यंत गोदावरी ज्या खडकातून वाहते तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट आहे. सोने आढळते ते बहुधा त्याहून कितीतरी प्राचीन खडकांतील गारेच्या शिरांत. कर्नाटकातील कोलार आणि हट्टी येथील सोने अशाच अतिप्राचीन खडकांतले आहे, आणि महाराष्ट्रात सोन्याचे अंश मिळाले ते नागपूर-भंडाऱ्याकडच्या जुन्या खडकांत. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट यांसारखी अत्यंत देखणी स्फटिके मिळतात, सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ती पाहता येतात आणि नातवाला ती अवश्य दाखवावीत. पण सोन्याच्या शिरा या खडकात नाहीत, आणि जी वस्तू उगमाकडच्या खडकात नाही ती खालच्या वाळूत येणार नाही. पॅनमध्ये काळी चमकदार वाळू भरपूर येईल. तो मॅग्नेटाइट आहे, लोहचुंबकाला चिकटतो. नाशिकच्या घाटांवरच्या गाळात कोणाला सोन्याचा कण मिळालाच, तर तो नदीने आणलेला नसून माणसांच्या हातून पडलेला, किंवा अस्थिविसर्जनाबरोबर गेलेला असतो.

कायद्याकडे वळू. भारतात मायनर्स राइटसारखा हौशी परवाना नाही. १९५७ च्या खाणी आणि खनिजे अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत सोन्याचा समावेश आहे, म्हणजे ते वाळू-मुरुमासारखे गौण खनिज नाही. त्या अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे रीतसर परवाना किंवा पट्टा असल्याशिवाय कोणालाही शोधकाम किंवा खोदकाम करता येत नाही, आणि कलम २१ प्रमाणे उल्लंघनाला ५ वर्षांपर्यंत कारावास व हेक्टरी ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अवजारे आणि वाहन जप्त होऊ शकते ते वेगळेच. २०१५ च्या दुरुस्तीनंतर असे पट्टे लिलावाने दिले जातात, त्यासोबत खाण बंद करताना जमीन पूर्ववत करण्याचा मंजूर आराखडा, नियमित विवरणपत्रे आणि जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरायची रक्कम अशा जबाबदाऱ्या येतात. हे कंपन्यांचे काम आहे, कुटुंबाच्या सहलीचे नाही.

‘सोने नाही तर नाही, थोडी वाळू घरी आणून धुतली तर काय बिघडले’ असेही आपण विचाराल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना वाळू काढणे आणि वाहून नेणे हाही गुन्हा असून त्याला खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. आणि दारणा-गोदावरीने खाली गेल्यावर नांदूर मध्यमेश्वरचे अभयारण्य लागते, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथे तर पात्रात उतरून काहीही उकरण्याचा प्रश्नच येत नाही. घाटाच्या गाळात नाणी किंवा दागिना जमिनीत पुरलेला सापडला तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे १० रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो, हेही सांगून ठेवतो.

मग नाशिकमध्ये सराव करायचाच नाही का? अवश्य करावा, पण घरी. रीतसर खरेदी केलेल्या वाळूने बांधकाम जेथे चालू आहे तेथून एक बादली वाळू मागून घ्यावी, अंगणात टबात पाणी भरावे, वाळूत मासेमारीच्या जाळ्याचे शिशाचे बारीक तुकडे मोजून टाकावेत आणि पॅन फिरवून सगळे परत मिळतात का ते पाहावे. शिशाची घनता सुमारे ११.३ आहे, म्हणजे सोन्याहून कमी. जो शिसे हातचे जाऊ देत नाही तो सोनेही जाऊ देणार नाही. पॅन पाण्याखाली ठेवून आधी आडवे हलवावे, म्हणजे जड कण तळाशी बसतात, मग पुढे झुकवून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर जाऊ द्यावी, आणि दर दोन-तीन वेळा पुन्हा सपाट करून हलवावे. घाई करणाऱ्याचे सोने याच शेवटच्या पायरीला जाते. शिशाचे तुकडे हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते पाणी झाडांना घालू नये.

हे कौशल्य आपल्या गावाला नवे नाही. सोनारांच्या दुकानांतील केर-माती गोळा करून, ती धुऊन त्यातून सोन्याचे कण वेगळे काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले आहेत, आणि त्यांच्या हातची सफाई मी मोठमोठ्या प्रयोगशाळांतही पाहिलेली नाही. सराफ बाजारात ओळख असेल तर एखाद्या झारेकऱ्याला काम करताना पाहू देण्याची विनंती करावी, त्याच्या वेळेचा योग्य मोबदला द्यावा, आणि नातवालाही ते दाखवावे. दुकानदाराशी ठरल्याशिवाय ते केराला हात लावीत नाहीत, ही शिस्तही त्याने पाहावी.

राहिला परतीचा प्रवास. ओढ्यात मिळालेले सोने बहुधा चिमूटभर असेल आणि ते काचेच्या लहान कुपीत पाण्यात ठेवलेले छान दिसते. माझा सल्ला असा की, ते मुलीकडेच ठेवावे. आणायचेच असेल तर भारतीय सीमाशुल्काची प्रवाशांसाठीची दागिन्यांची सवलत ही दागिन्यांसाठी आहे, कच्च्या सोन्याचे कण किंवा गोळे तीत बसत नाहीत, हे लक्षात घ्यावे. कितीही कमी वजन असले तरी मुंबईला उतरल्यावर लाल मार्गिकेने जाऊन ते घोषित करावे, आणि सोबत आपल्या नावाच्या परवान्याची प्रत, कोठे व कोणत्या तारखेला मिळाले याची टिपण आणि वजन लिहिलेला कागद ठेवावा.